फुटलेल्या बँडचा अल्बम

‘द झॉम्बीज’ या इंग्लिश बँडचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’ हा अल्बम १९ एप्रिल १९६८ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो मंचावर वाजवून दाखवायला बँडच उरलेला नव्हता. आज सायकेडेलिक पॉपमधल्या उत्तम अल्बमांत त्याची गणना होते; त्या वर्षी मात्र त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही.

लंडनच्या उत्तरेला असलेल्या सेंट ऑल्बन्स गावातल्या पाच मुलांचा हा बँड. रॉड अर्जेंट कीबोर्डवर, कॉलिन ब्लनस्टोन गायक, ख्रिस व्हाइट बास गिटारवर, पॉल ॲटकिन्सन गिटारवर आणि ह्यू ग्रंडी ड्रमवर. १९६४ मधल्या ‘शीज नॉट देअर’ने त्यांना अमेरिकेतही नाव मिळवून दिले, पण पुढची बहुतेक गाणी पडली. डेका कंपनी सोडून १९६७ मध्ये ते सीबीएसकडे आले. निर्मिती आपणच करायची, अशी त्यांची अट होती. ती मान्य झाली, पण हाती पडलेली रक्कम बेताचीच, साधारण हजार पौंड होती.

ध्वनिमुद्रण जून ते नोव्हेंबर १९६७ या काळात, मुख्यतः ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत झाले. बीटल्सनी ‘सार्जंट पेपर्स’ तिथेच नुकता पुरा केला होता. जेफ एमरिक हा त्यांचा ध्वनितंत्रज्ञ झॉम्बीजलाही लाभला आणि जॉन लेननचा मेलोट्रॉनही तिथेच होता. या वाद्याची प्रत्येक पट्टी दाबली की आधी मुद्रित केलेल्या टेपचा एक तुकडा फिरू लागतो आणि व्हायोलिनांचा ताफा किंवा बासरी ऐकू येते. स्वर साधारण आठ सेकंदांत संपतो, म्हणून बोट उचलून पुन्हा ठेवावे लागते. वाद्यवृंद परवडत नसलेल्या बँडला हे वरदानच होते.

स्टुडिओचे भाडे वाचवण्यासाठी गाणी आधीच घोटून बसवलेली असत. त्या काळातले पुष्कळ सायकेडेलिक अल्बम स्टुडिओतल्या प्रयोगांत भरकटले. हा भरकटत नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या काटकसरीला द्यावे लागेल. बारा गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटे. रंगत आहे ती अनपेक्षित स्वरसंगतींत, सामूहिक गायनात आणि ब्लनस्टोनच्या हळव्या, किंचित घोगऱ्या आवाजात. ‘केअर ऑफ सेल ४४’ची चाल इतकी आनंदी, की ते तुरुंगातून सुटणाऱ्या प्रेयसीला लिहिलेले पत्र आहे हे चटकन ध्यानात येत नाही. ‘बुचर्स टेल’मध्ये पहिल्या महायुद्धातला भेदरलेला सैनिक बोलतो. ते व्हाइटने स्वतः गायले असून साथीला आपल्या पायपेटीच्या जातीचा भात्याचा ऑर्गन आहे. अल्बममधले सर्वांत धाडसी गाणे हेच.

मोनो मिश्रण तयार झाल्यावर सीबीएसने स्टिरिओही मागितले. पैसे संपले होते. तो खर्च अर्जेंट आणि व्हाइट यांनी गीतलेखनाच्या मानधनातून भागवला. टेरी क्वर्कच्या रंगीबेरंगी मुखपृष्ठावर ‘ओडिसी’चे स्पेलिंग चुकले, ते तसेच राहिले. सुरुवातीची सिंगल्स आपटली, पैशांची ओढाताण वाढली आणि १९६७ संपता संपता बँड फुटला. ब्लनस्टोन विमा कंपनीत नोकरीला लागला.

अमेरिकेत हा अल्बम निघाला तो संगीतकार अल कूपरने कोलंबिया कंपनीकडे धरलेल्या आग्रहामुळे. तिथे कंपनीने आधी ‘बुचर्स टेल’ सिंगल म्हणून काढले. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत ते चालेल, असा होरा होता. तो चुकला. नंतर आलेले ‘टाइम ऑफ द सीझन’ मात्र १९६९ च्या आरंभी बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अल्बम पंच्याण्णवच्या वर सरकला नाही. मागणी होती आणि बँड नव्हता, तेव्हा अमेरिकेत तोतये झॉम्बीज दौरे करू लागले. त्यांतल्या टेक्सासच्या एका चमूतले डस्टी हिल आणि फ्रँक बियर्ड पुढे ‘झीझी टॉप’मध्ये नावाजले.

अर्जेंटने दरम्यान स्वतःच्या नावाचा नवा बँड उभारला होता, त्यामुळे खरे झॉम्बीज परतले नाहीत. अल्बमची कीर्ती पुढच्या पिढ्यांतले संगीतकार आणि समीक्षक यांच्यामार्फत हळूहळू पसरली. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने निवडलेल्या पाचशे अल्बमांत तो ऐंशीवा होता. ॲटकिन्सन २००४ मध्ये वारला. उरलेल्या चौघांनी २००८ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये चाळिसाव्या वर्षानिमित्त तो संपूर्ण सादर केला.