आधी कोठार, मग शेत

कृषी आणि वाणिज्य ही दोन्ही कर्मे भगवान ऋषभदेवांनीच मानवास शिकविली, अशी आपली परंपरा सांगते. उत्खननशास्त्राची वाट निराळी. ते माती, दगड आणि जळालेले दाणे यांच्या साक्षीवर चालते. परंतु त्या वाटेवरही आम्हांस एके ठिकाणी शेताच्या आधी कोठार भेटते. व्यापारी समाजाने मनन करावे अशी ही गोष्ट आहे.

जॉर्डन देशात मृत समुद्राजवळ ध्रा नावाचे स्थळ आहे. सुमारे ११,३०० वर्षांपूर्वीची मातीच्या भिंतींची गोल कोठारे तेथे सापडली असून त्यांचा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. ओल आणि उंदीर यांपासून धान्य राखण्यासाठी त्यांची जमीन उचलून बांधलेली होती. मात्र त्या काळी तेथील लोक साठवीत ते जव अद्याप रानटीच होते.

रानातील धान्य पुरेसे होते काय? अमेरिकन कृषितज्ज्ञ जॅक हार्लन यांनी तुर्कस्तानातील डोंगरात रानगहू स्वतः कापून पाहिला व १९६७ साली निष्कर्ष मांडला की, तासाभरात सुमारे एक किलो स्वच्छ धान्य मिळते, आणि तीन आठवड्यांच्या कापणीत एका कुटुंबास वर्षभरात संपणार नाही इतके जमते. तेव्हा प्रश्न उरतो तो सांभाळण्याचा.

त्या सांभाळण्यातूनच शेती उपजली. रानटी गव्हाचे कणीस पिकताच फुटून दाणे विखुरतात. क्वचित एखादे कणीस फुटत नाही. कापणाऱ्याच्या हाती तेच अधिक येते. त्यातून राखलेले बी पुन्हा पेरले की पुढील पिकात तशा कणसांचे प्रमाण वाढते. अशा रीतीने, कोणी हेतुपुरस्सर न ठरविता, हजार-दोन हजार वर्षांत रानगवताचे पीक झाले. या साऱ्या कार्याचे मूळ भांडवल म्हणजे भूक असतानाही न खाल्लेला दाणा होय.

या लाभाची किंमतही मोठी होती. सीरियातील युफ्रेटिसकाठच्या अबू हुरेरा येथे सापडलेल्या स्त्रियांच्या सांगाड्यांत पायाची बोटे, गुडघे आणि पाठीचा कणा झिजलेले आढळले. गुडघे टेकून दगडी पाट्यावर रोज तासन्‌तास धान्य दळल्याच्या त्या खुणा आहेत. अन्नाची शाश्वती आली, पण तिचे ओझे सर्वांच्या पाठीवर सारखे पडले नाही.

जवाची शेती कालांतराने आपल्याकडेही आली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उत्खननात मिळाले. तेथील सर्वांत मोठ्या घराशेजारी कोठार होते. ते गावप्रमुखाचे घर असावे, असे संशोधक मानतात. ध्रा येथील कोठारे घरांच्या मधोमध उभी होती. येथे कोठार एका दाराशी आले. राखलेला दाणा ज्याच्या हाती, त्याच्या हाती गावाचे उद्याचे भवितव्य आले.

आपणां व्यापाऱ्यांच्या वखारी याच वंशातल्या आहेत. भुकेच्या दिवशी उघडते ते कोठार, आणि भाव चढेपर्यंत बंद राहते ती केवळ साठेबाजी. अकरा हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मूठभर बी उद्यासाठी बाजूस ठेवले. ते एकट्यासाठी ठेवले नव्हते, असे आम्हांस वाटते.