गुलाबी बोंडअळी आणि क्राय प्रथिनाचा आकार

बीटी कपाशीच्या बोंडात गुलाबी बोंडअळी सापडली की पहिला संशय बियाण्यावर जातो. बनावट बियाणे बाजारात असते हे खरे. परंतु झाडात क्राय प्रथिन असूनही अळी जगते, तेव्हा कारण अळीच्या आतड्यात शोधावे लागते.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूत क्राय१एसी हे प्रथिन सुमारे १३० किलोडाल्टनच्या निष्क्रिय रूपात असते. अळीच्या मध्यांत्रातील अल्कधर्मी रसात ते विरघळते आणि पाचक विकरांच्या काटछाटीनंतर सुमारे ६० ते ६५ किलोडाल्टनचा सक्रिय भाग उरतो. त्याचे तीन खंड असतात. पहिला खंड म्हणजे सात सर्पिल दंडांची जुडी. दुसऱ्या खंडाचे टोकाकडील वळसे आणि तिसरा खंड आतड्याच्या पेशींवरील ग्राही प्रथिने ओळखतात; त्यांत कॅडहेरिन महत्त्वाचे. जुळणी झाली की रेणू पूर्वीच्या आकारात राहत नाही. अनेक रेणू एकत्र येतात, पहिल्या खंडाची जुडी उलगडते, दोन दंड पेशीपटलात शिरतात आणि उरलेले छत्रीच्या काड्यांसारखे पसरतात, असे एक प्रचलित प्रारूप सांगते. पटलाला छिद्रे पडतात, पेशी फुगून फुटतात, अळी खाणे सोडते.

प्रतिकारक्षम अळीच्या बाबतीत प्रथिन तेच असते, बदललेला असतो तो ग्राही. भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात अनेक प्रकारचे बिघाड आढळले आहेत. क्राय२एबीची बंधनस्थाने वेगळी, म्हणून २००६ पासून दोन जनुकांच्या वाणांवर भरवसा ठेवला गेला. मात्र २०१० मध्ये गुजरातेत क्राय१एसीविरुद्धची प्रतिकारक्षमता जाहीर झाली आणि या किडीपुरता सारा भार एकट्या क्राय२एबीवर आला. पुढे तेही निष्प्रभ ठरू लागले. तेथे एबीसीए२ या वाहक प्रथिनाच्या जनुकात बिघाड दिसले.

म्हणूनच तपासणीपट्टीवर रेघ उमटली, तरी अळी मरेलच असे कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना सांगू नये. पट्टी प्रथिनाचे अस्तित्व दाखवते. अळीचा ग्राही ते स्वीकारतो की नाही, हे तिला कळत नाही. कॅडहेरिनमधील बिघाड अप्रभावी असतो. जनुकाची एक प्रत शाबूत असली तरी ग्राही तयार होतो व अळी मरते. रेफ्युजी म्हणून मिळणारे बिगर-बीटी बियाणे लावायचे ते अशा संवेदनशील पतंगांसाठी; बांधावर फेकून देण्यासाठी नव्हे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास फवारणीचा निर्णय घ्यावा. फरदड मात्र घेऊ नये, कारण प्रतिकारक्षम अळ्यांची पुढची पिढी तीच पोसते.