छप्पन दिवसांचा उपास

ओट्याशी उभं राहिलं की समोरच्या खिडकीतून काय दिसतं, यावर बाईचा निम्मा दिवस अवलंबून असतो असं मला वाटतं. सांगलीला असताना मला समोरच्या घराची भिंत दिसायची. इथे कोबारला दिसतात इमू!

कोबार म्हणजे ऑस्ट्रेलियातलं, सिडनीपासून सुमारे ७०० किलोमीटर आत असलेलं तांब्याच्या खाणींचं लहानसं गाव. ह्यांची नोकरी खाणीत, म्हणून आम्ही तिघं इथे आलो. घर गावाबाहेर, मेंढ्या पाळणाऱ्या एका आजींच्या जमिनीवर. परसात कपडे वाळत घालायची तार, लगेच कुंपण, आणि पलीकडे लाल माती नि ‘मल्गा’ नावाची बाभळीच्या जातीची खुरटी झाडं. (आमच्या चिरंजीवांना हे नाव ऐकून इतकं हसू आलं की दोन दिवस ते झाडांना ‘मुलगा’ म्हणूनच हाका मारत होते.)

इमू मी पहिल्यांदा पाहिला तो मात्र आपल्याकडेच. २०१० च्या सुमारास इमूपालनाचं खूळ आलं होतं, आठवतं ना? तेलाला नि मांसाला मोठा भाव येणार म्हणून माझ्या मामेभावानंही पैसे घातले होते. बुडाले, हे सांगायला नकोच. जाळीच्या आत धुळीत माना पाडून उभे असलेले ते पक्षी पाहून मला दया आली होती. त्यामुळे इथे पहिल्याच सकाळी माणसाएवढ्या उंचीचे चार इमू ताठ मानेनं कुंपणाशी आले, तेव्हा हा तोच पक्षी हे मला खरं वाटेना.

जात मोठी चौकस. मी ओढणी झटकली की लांबवरचे इमू थबकतात आणि मान पुढे काढून बघायला येतात. वाड्यात कुणाकडे पाहुणे आले की बिऱ्हाडाबिऱ्हाडातून डोकी बाहेर यायची ना, अगदी तसं! चकचकीत वस्तूचा तर फार मोह. खडे पोटात अन्न भरडायला लागतात म्हणून गिळतात ते ठीक, पण काचा, खिळे, काही म्हणजे काही गिळतात. माझे कपड्यांचे दोन चिमटे असेच कुंपणावरून मान घालून पळवले.

इथल्या शेतकऱ्यांना त्यांचं कौतुक नाही. कुंपणं मोडतात, पीक तुडवतात. १९३२ च्या नोव्हेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅम्पियन भागातले गव्हाचे शेतकरी इतके वैतागले की सरकारनं चक्क लष्कर पाठवलं, मशीनगन आणि दहा हजार गोळ्या देऊन! इमू ताशी ५० किलोमीटरपर्यंत पळतात. ते पांगले, आणि डिसेंबरात सैनिकच परत गेले. तोच पक्षी देशाच्या राजचिन्हावर कांगारूसमोर मानानं उभा आहे, ही आणखी गंमत.

तर गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, लांबून ढोल वाजल्यासारखा आवाज यायचा. मला वाटलं, कुणाकडे लग्न आहे की काय! आजी म्हणाल्या, ही मादी. तिच्या गळ्यात हवेची पिशवी असते, ती फुगवून ती असं घुमते. नराला नुसतं घुरघुरता येतं.

मे महिन्यात त्यातल्या एका जोडीनं कुंपणापासून शंभरेक पावलांवर घरटं केलं. घरटं कसलं, जमिनीवर काड्या, साली आणि पानांचा पसारा. मादी दोन-तीन दिवसांआड एक अंडं घालत होती. रंग गडद हिरवा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. आपल्या कोंबडीची दहा-बारा अंडी मावतील एवढं एकेक! ह्यांच्या दुर्बिणीतून मी आठ मोजली. मग नर त्यावर बसला, आणि मादी खुशाल निघून गेली.

अंडी उबायला सुमारे ५६ दिवस लागतात. तेवढे दिवस नर काही खात नाही, पाणीही जवळजवळ पीत नाही. अंगावरच्या चरबीवर जगतो. दिवसातून दहा वेळा उठून अंडी फिरवतो नि परत बसतो. वजन तिसऱ्या हिश्शानं उतरतं. आपण एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रताळं नि वर ताक घेऊन उपास करणाऱ्या! मला भाजी चिरता चिरता लाज वाटायची.

एक दिवस राहवेना. पाण्याचं घमेलं भरून कुंपणाबाहेर नेऊन ठेवलं. आजींनी पाहिलं आणि चांगल्याच रागावल्या. पाण्याच्या वासानं कोल्हाही येतो, आणि माणसाची वर्दळ झाली तर नर घरटं सोडूनसुद्धा जाईल. मुकाट्यानं घमेलं परत आणलं.

सासूबाईंना फोनवर ही हकिगत सांगितली, तर म्हणाल्या, “कसली गं आई ही! पोरं टाकून गेली?” मीही हसले. माझ्याही मनात तेच आलं होतं.

पंधरा दिवसांत मिरजेहून फोन आला. माझी आई पडली होती, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. तिला मी एकटीच. चिरंजीव सात वर्षांचे, त्यांची शाळा चालू. जायला तर हवंच होतं. विमानात सासूबाईंचं ते वाक्य काही केल्या कानातून जाईना. त्यांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं. उलट “तू निघ आधी” असं त्याच म्हणाल्या होत्या. पण मन कुठे ऐकतं?

ह्यांना स्वयंपाकातलं चहाखेरीज काही येत नव्हतं. फ्रिजवर मी यादी लावून गेले होते: डबा, गणवेश, अंघोळ, गृहपाठ. शेवटी गमतीनं लिहिलं, ‘इमू बघणे’. इमूंना हे ‘तुझे पाहुणे’ म्हणायचे, कधी ढुंकून बघितलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी ह्यांच्या निरोपात तीन ओळी असायच्या. आईची चौकशी, मुलाचं खाणं-पिणं, आणि तिसरी ओळ: ‘बसलाय.’ एकदा, ‘रात्रभर गारठा. पाठीवर दव. बसलाय.’

आईच्या खाटेशी बसून मी एकदा हिशेब केला. आठ अंडी म्हणजे चार किलोंहून जास्त ऐवज, तोही तीनेक आठवड्यांत! आजी म्हणाल्या होत्या, की चांगल्या पावसाच्या वर्षी मादी दुसऱ्या नराजवळ जाऊन पुन्हा अंडीही घालते. सासूबाईंना हे सांगितलं. क्षणभर थांबल्या, नि म्हणाल्या, “मग तिला माहेरी जाऊ दे की चार दिवस!”

जुलै संपता संपता निरोप आला, ‘आठातली सात.’ फोटो अंधुक होता. साय रंगाची पिल्लं, अंगावर तपकिरी पट्टे, अगदी खारीच्या पाठीसारखे. उंचीला वीतभरही नाहीत. दोन-तीन दिवसांत बापामागून चालायला लागली. एक मादी जवळ आली तर त्यानं पिसं फुलवून, घुरघुरत तिला हाकललं म्हणे. ती तीच होती की दुसरी, कोण जाणे.

आई काठी घेऊन चालायला लागली तशी मी परत आले. पाच आठवडे झाले होते. चिरंजीव बिलगले, आणि पहिली बातमी दिली, “आई, दोन पिल्लं गेली. एक गरुडानं नेलं. दुसऱ्याचं बाबांना पण माहीत नाही.” मग हळूच, “खिचडी आता नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी गेले, तर चहा आधीच उकळत होता आणि हे खिडकीशी दुर्बीण लावून उभे. नर अजून ही पिल्लं पाच-सात महिने, कधी दीड वर्षही सांभाळतो, हे मलाच सांगायला लागले. “पाचही आहेत,” म्हणाले.

मी हात पुढे केला. दुर्बीण काही मिळाली नाही.