हशा पिकतो कसा?

वक्त्याने व्यासपीठावर चढावे, घसा खाकरावा आणि "मला एक विनोद आठवला" असे म्हणावे, की समजावे, त्या विनोदाची आता धडगत नाही. हसण्याची वर्दी आधी देऊन कोणाला हसविता येत नाही. गुदगुल्या करणारा "आता करतो हं" म्हणाला, की माणूस अंग आवळून बसतो! बीड जिल्ह्यात मराठी शिकविताना, आणि गणेशोत्सवापासून निरोपसमारंभापर्यंत मिळेल त्या सभेत बोलताना, एवढे शास्त्र मला कळले. पुढचे कळायला मात्र एकदा चांगलीच अद्दल घडावी लागली. ती हकीकत शेवटी सांगतो.

आधी एक उत्तम नमुना पाहू. अंबाजोगाई हे आमच्या जिल्ह्यातले विद्येचे गाव. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या तिथलीच. या गावात वाढलेले आणि तिथे काही काळ शिक्षकी केलेले प्रमोद महाजन पुढे लोकसभेत गेले. १९९७ साली विश्वासदर्शक ठरावावरील चर्चेत त्यांनी एक किस्सा सांगितला. ते खासदारांच्या शिष्टमंडळाबरोबर चीनला गेले होते. भारतातली लोकशाही चालते तरी कशी, असे तिथे कोणी विचारले. महाजनांनी सोबतच्या मंडळींची ओळखच करून दिली. मी सर्वांत मोठ्या पक्षाचा, म्हणून विरोधी बाकावर. हे दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे. ते सरकारला बाहेरून पाठिंबा देतात. हे तिसरे आघाडीत आहेत, पण सरकारात नाहीत. आणि हे रमाकांत खलप. आपल्या पक्षाचे एकुलते एक खासदार, आणि हेच सरकारात!

वाचकहो, यात एकही शिवी नाही, एकही खोटे विधान नाही. १९९६ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला १६१ जागा होत्या आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला एक, हा निव्वळ हिशेब आहे. विनोद आहे तो मांडणीत. मोठ्याकडून लहानाकडे एकेक पायरी उतरत आणली आणि 'सरकारात' हा शब्द अगदी शेवटपर्यंत मुठीत ठेवला. खलपांचे नाव आधी घेतले असते, तर सारा डोलारा कोसळला असता. नेम ज्या शब्दाने साधायचा तो वाक्याच्या शेवटी यावा, आणि तो आला की वक्त्याने गप्प बसावे. पुष्कळ वक्ते नेमके इथे चुकतात. श्रोते हसू लागतात न लागतात तोच हे पुढचे वाक्य सुरू करतात, किंवा "म्हणजे काय, तर" म्हणून विनोदाचा अर्थ सांगू लागतात. स्वतःच आधी हसणारे तर विचारूच नका!

दुसरा नमुना गाडगे महाराजांचा. त्यांच्या कीर्तनात व्याख्यान थोडे आणि प्रश्न फार. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या बायाबापड्यांना विचारीत, देवाला आंघोळ कोण घालतो, धोतर कोण नेसवतो, त्याच्या नैवेद्याकडे कुत्रे आले तर हाकलतो कोण? लोक उत्साहाने "आम्ही" म्हणून उत्तरे देत, आणि देता देता आपणच रचलेल्या सापळ्यात अडकत. बोध महाराजांनी करायचा, पण तो उच्चारायचा श्रोत्यांनी! पकडले गेल्याचा राग येण्याऐवजी हसू येई, कारण हसविणारा स्वतः फाटक्या वस्त्रांत आणि हातात खराटा घेऊन उभा असे. तो आपल्याला हिणवीत नाही, याची लोकांना खात्री होती.

ही खात्री सर्वांत महत्त्वाची. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वक्ता सिसेरो याने वक्तृत्वावरच्या ग्रंथात विनोदाचा विस्ताराने विचार केला. घोर अपराध आणि घोर दैन्य हे दोन्ही विनोदाचे विषय नव्हेत, असे त्याने बजावून ठेवले आहे. हे मी वर्गात कित्येकदा शिकविले होते. शिकविणे निराळे आणि शिकणे निराळे.

आता माझी हकीकत. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर महाविद्यालयाच्या एका सभेत मी बोलायला उभा राहिलो. वर्ग निम्मे रिकामे होते. मी म्हणालो, "आपली दिवाळी चार दिवसांची, पण काही विद्यार्थ्यांची दिवाळी थेट शिमग्यालाच संपते!" हशा पिकला. मी खूश झालो. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हसला नाही. सभा संपल्यावर तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, उद्यापासून मी पण येणार नाही. मुकादमाची उचल घेतलीय. टोळी निघाली."

आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडणी कामगारांची हजारो बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असून मी त्यावर हशा मिळविला होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी मी त्याला गाठले आणि बोलण्याचा आग्रह केला. तो उभा राहिला. म्हणाला, "फडात नावाने हजेरी घेत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून तिथं मी अर्धा कोयता. इथं निदान गैरहजर तरी पुरता असतो!"

सभागृह खदखदून हसले आणि पाठोपाठ एकदम शांत झाले. त्या शांततेत तो पुढे दहा मिनिटे बोलला, उचलीविषयी, आईच्या हातांविषयी, बुडालेल्या परीक्षेविषयी. आणि कोणी खुर्चीसुद्धा हलविली नाही. तोच विषय, तीच हजेरी. माझ्या विनोदाने त्याचे दार बंद केले होते, त्याच्या विनोदाने ते सर्वांसाठी उघडले. आपल्या दुःखावर हसण्याचा हक्क ज्याचा त्याचा असतो. दुसऱ्याने तो परस्पर बजावू नये.

तेव्हापासून मी भाषणात विनोद सोडला नाही. स्वतःच्या फजितीवर बोलतो, आपल्याहून बलवानांना चिमटे काढतो, सकाळी मोबाईलवर सर्वांनी वाचलेला विनोद चुकूनही सांगत नाही. आणि एखादे चुरचुरीत वाक्य ओठांवर आले, की उच्चारण्यापूर्वी एकदा मागच्या बाकाकडे पाहून घेतो.