पाय गार पडतात, बोट काळं पडतंय? ‘रक्तवाहिन्या सैल करणारी’ गोळी किती कामाची, जाणून घ्या

वर्तकनगर (ठाणे) : चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की बरं वाटतं. पाय गार पडतात, अंगठ्याची जखम महिना महिना भरत नाही. वर्तकनगरच्या सोसायटीत वॉचमनची ड्युटी करणारा असो की मुरबाड-शहापूरच्या शेतात राबणारा, बरेच जण याला ‘वात’ समजून तेल चोळत बसतात. पण पायाचा रक्तपुरवठा कमी झाल्याचा हा इशारा असू शकतो.

थंडी वाजली, भीती वाटली की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. हा हुकूम रक्तवाहिनीवरच्या ज्या ‘बटणां’तून जातो, त्यांना १९४८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी ‘अल्फा’ हे नाव दिलं. ही बटणं बंद करणारी औषधं म्हणजे अल्फा ब्लॉकर. टोलॅझोलिन, प्राझोसिन ही त्यातलीच. रक्तवाहिनी सैल झाली की पायाला रक्त मिळेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

मग अडचण कुठे आली?

पाटात दगड अडकलाय आणि आपण शेजारचा पाट रुंद केला, तर पाणी तिकडेच पळणार. इथेही तसंच होतं. तुंबलेल्या रक्तवाहिनीतला अडथळा गोळीने हटत नाही, चांगल्या रक्तवाहिन्या मात्र रुंद होतात. त्यामुळे दुखऱ्या भागाचं रक्त उलट कमी होऊ शकतं. म्हणून तुंबलेल्या रक्तवाहिनीसाठी हे औषध आज नेहमीचं राहिलेलं नाही. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्या ‘रेनो’ आजारात रक्तवाहिनी फक्त आवळते. तिथे प्राझोसिनचा थोडा फायदा दिसला आहे.

दुसऱ्याची गोळी घेऊ नका

अल्फा ब्लॉकर गटातल्या गोळ्या वयस्कर पुरुषांना लघवी अडकते म्हणून देतात. शेजाऱ्याची ती गोळी पायासाठी घेतली, तर बीपी एकदम उतरून उभं राहताच चक्कर येऊ शकते. प्राझोसिनच्या पहिल्या डोसला तर हा धोका जास्तच.

खरा इलाज तंबाखू सोडणं

बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या आजाराला ‘बर्जर’ म्हणतात. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे याचे पेशंट बरेच आढळतात. यात तंबाखू पूर्ण सोडली तर पाय वाचण्याची शक्यता खूप वाढते. ‘दिवसाला दोनच ओढतो’ हे चालत नाही. मशेरी आणि गुटखाही बंदच.

काय कराल?

- डॉक्टरांना दोन्ही पायांची नाडी तपासायला सांगा. गरज वाटली तर ते डॉपलर तपासणी सांगतील.
- शुगर, बीपी तपासून घ्या.
- पाय शेकू नका. बधिर पायाला चटका कळत नाही.
- पाय अचानक पांढरा, गारठणक पडून जोरात दुखू लागला तर सकाळची वाट पाहू नका. लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. अशा वेळी काही तासांत पाय हातचा जाऊ शकतो.