कुंभकर्ण वाईट होता का?

नरकचतुर्दशीची पहाट. उटणं कालवलेलं, पाणी कढत झालेलं, तुळशीपाशी कारीट ठेवलेलं, आणि आमचा चौथीतला नातू अजून पांघरुणात. त्याची आत्या दारातूनच ओरडली, "ऊठ रे कुंभकर्णा!" तो उठला, नाहला, कारीट फोडून फराळाला बसला. चकलीचा तुकडा हातात धरून त्यानं मला विचारलं, "आजी, कुंभकर्ण वाईट होता का?"

'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण थांबले. माणसाच्या स्वभावाबद्दल आपल्या परंपरेनं फार बारकाईनं विचार केला आहे. मुलांपर्यंत मात्र त्यातलं बहुधा एखादं टोपणनावच पोचतं.

एका घरातले तीन भाऊ

सांख्य दर्शन सांगतं की सगळी सृष्टी सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांची बनलेली आहे. इथे गुण म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. संस्कृतात गुण म्हणजे दोरीही. मुलांना मी वेणीचे तीन पेड दाखवते. एक पेड काढला की वेणी राहत नाही.

पहाटे पांघरूण सोडवत नाही, तो तम. आऊट झाल्यावरही बॅट हातातून सुटत नाही, तो रज. आणि भांडण संपल्यावर 'चूक माझीच होती' हे ज्या उजेडात दिसतं, तो सत्त्व. गीतेचा चौदावा अध्याय सांगतो की हे तिघे सतत एकमेकांवर मात करत असतात, कधी हा वर तर कधी तो. सकाळचा आळशी मुलगा संध्याकाळी मैदानात वादळ असतो, हे प्रत्येक आईनं पाहिलेलं असतं.

हे समजावताना तीन भावांचा दाखला नेहमी दिला जातो. रावण रजोगुणी, कुंभकर्ण तमोगुणी, बिभीषण सत्त्वगुणी. आई एक, घर एक, स्वभाव तीन. पण वाल्मीकींचा कुंभकर्ण एवढ्यावर संपत नाही. त्याला महाप्रयासानं जागं केल्यावर तो आधी रावणाला सुनावतो की तू केलंस ते चुकीचं होतं. मग भावासाठी लढतो आणि मरतो. त्या झोपाळू राक्षसातही खरं ओळखणारा उजेड होता. रावणही विद्वान होताच.

पणतीतलं भांडण

ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'त, तेराव्या कारिकेत, या तीन गुणांना दिव्याची उपमा दिली आहे. वाचस्पतिमिश्रांनी ती टीकेत उलगडून सांगितली: वात आणि तेल हे खरं तर अग्नीचे विरोधक, पण एकत्र आले की उजेड देतात.

दिवाळीत हे मुलांकडून करूनच घ्यावं. पणतीत तेल फार झालं की वात बुडते. तेल संपलं की वातच जळून जाते. प्रमाण जमलं की ज्योत स्थिर राहते. मग मुलांना सांगावं, तम नसता तर तुला रात्री झोप लागली नसती, रज नसता तर तू सायकल शिकला नसतास. त्यांना हाकलायचं नाही, त्यांचं प्रमाण सांभाळायचं. वाचस्पतिमिश्र पुढे वात, पित्त, कफ यांचाही दाखला देतात. तेही परस्परविरोधी, पण मिळून शरीर तोलून धरतात.

प्रत्येकाचा 'द' वेगळा

बृहदारण्यक उपनिषदातली एक गोष्ट मुलांना हमखास आवडते. देव, माणसं आणि असुर ही तिन्ही प्रजापतीची लेकरं. शिकून झाल्यावर तिघांनी उपदेश मागितला. प्रजापतीनं तिघांनाही एकच अक्षर दिलं, 'द'. देवांनी ऐकलं 'दमन', स्वतःला आवरा. माणसांनी ऐकलं 'दान', वाटून घ्या. असुरांनी ऐकलं 'दया'. ज्याच्यात जे कमी, तेच त्याला ऐकू आलं. ढग गडगडतात तेव्हा अजूनही हेच सांगतात, द, द, द.

शंकराचार्य यावर फार मोलाचं सुचवतात: देव आणि असुर बाहेर शोधायला नकोत, ते माणसांतच आहेत. मी नातवाला विचारलं, "तुझा 'द' कुठला?" त्यानं धाकट्या बहिणीच्या रिकाम्या फुलबाजीच्या पेटीकडे पाहिलं आणि गप्प बसला. उत्तर मिळालं होतं.

शिक्का नको

या विचाराचा गैरवापरही झाला, आणि तो मुलांपासून लपवू नये. गुण जन्माला चिकटवले गेले, माणसांच्या उतरंडीला त्यांचा आधार दिला गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवर याच मुद्द्यावरून कठोर टीका केली. घरातही आपण सहज एखाद्याच्या जेवणाला 'तामसी' म्हणून मोकळे होतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस अन्न म्हणून शिळं, बेचव, दुर्गंध सुटलेलं, उष्टं, अपवित्र असं सांगितलं आहे. कांदा-लसणाचं नाव तिथे नाही.

शिवाय सत्त्वही बांधतोच. रामकृष्ण परमहंसांच्या गोष्टीत वाटसरूला रानात तीन चोर गाठतात. एक मारायला निघतो, दुसरा बांधून टाकतो, तिसरा सोडवून घराच्या वाटेला लावतो. पण तो तिसराही चोरच. 'मी चांगला' हा ताठा चांगल्या मुलांनाच धरतो, म्हणून ही गोष्ट हुशार मुलांना आवर्जून सांगावी.

स्वभावाला औषध असतं, हे समर्थांना ठाऊक होतं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी तिन्ही गुणांची लक्षणं एकेका समासात मांडली ती ऐकणाऱ्यानं स्वतःला तपासावं म्हणून. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात तमोगुणावरचा उपाय अगदी साधा आहे: अंगमेहनत.

संध्याकाळी पणत्या लावताना मी नातवाला उत्तर दिलं. "कुंभकर्ण नुसता वाईट नव्हता रे. जागा झाला तेव्हा खरं बोलला."

भाऊबीजेच्या सकाळी तो पुन्हा पांघरुणातच होता. या वेळी त्याला कुणी नाव ठेवलं नाही. मी त्याच्या हातात केरसुणी दिली आणि अंगणाकडे बोट दाखवलं. अर्धं अंगण झाडून होईपर्यंत त्याची झोप पार उडाली होती.