ईजीआर झडप काढून टाकावी काय?

कांदा, भाजीपाला व फळे बाजारात नेण्यासाठी डिझेलवर चालणारी पिकअप गाडी आता पुष्कळ शेतकरी कुटुंबांकडे असते. अशा गाडीची ओढ कमी झाली किंवा ती काळा धूर सोडू लागली, म्हणजे “ईजीआर काढून टाका, गाडी मोकळी होईल” असा सल्ला काही गॅरेजांतून दिला जातो. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे अधिक कडक मानक लागू झाल्याने त्यांतील अनेकांतही ही योजना असते. म्हणून वरील सल्ला कितपत हितावह आहे, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे इष्ट आहे.

ईजीआरचे कार्य

हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रवायू व २१ भाग प्राणवायू असतो. एरवी हे दोन वायू एकमेकांशी संयोग पावत नाहीत. परंतु इंजिनातील ज्वलनाची उष्णता फार वाढली म्हणजे त्यांचा संयोग होऊन नत्राची विषारी ऑक्साइडे तयार होतात. हे टाळण्यासाठी सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा काही अंश थंड करून एका झडपेवाटे पुन्हा इंजिनात सोडतात. त्यायोगे आतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते व ज्वलनाची उष्णता मर्यादेत राहते.

ही ऑक्साइडे फुप्फुसांस अपायकारक आहेतच. परंतु पिकांसही त्यांचा उपद्रव होतो. उन्हात हवेतील इतर बाष्पांशी त्यांची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. तो पानांच्या छिद्रांतून आत शिरून पानांचे कार्य मंदावतो. गहू व सोयाबीन ही पिके त्यास विशेष बळी पडतात. एका गाडीचा धूर थोडा असला, तरी हजारो गाड्यांचा धूर एकाच हवेत मिसळतो, हे विसरून चालणार नाही.

दोष कोठे असतो?

धुरातील काजळी व इंजिनातून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन झडपेवर चिकट थर बसतो, ही तक्रार खरी आहे. मात्र सुस्थितीतील झडप पूर्ण भाराच्या वेळी बहुतांशी मिटलेली असते. म्हणजेच भरलेल्या गाडीची ओढ चढावर कमी होते ती ईजीआर असल्यामुळे नव्हे, तर काजळीने झडप उघडी अडकल्यामुळे. अशा वेळी हवेची जागा धूर घेतो, डिझेल अर्धवट जळते व काळा धूर निघतो. काजळी जास्त होण्याची कारणे बहुधा अन्यत्र असतात: तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले नोझल, टर्बोची फाटलेली नळी, अयोग्य ऑइल, अथवा लिलावाच्या रांगेत तासन्तास चालू ठेवलेले इंजिन.

काढून टाकल्यास काय होते?

पत्रा लावून झडपेचा मार्ग बंद केल्यास आत काजळी जाणे थांबते आणि काही दिवस गाडी बरी चालल्यासारखी वाटते. परंतु मूळ दोष तसाच राहतो. आत येणाऱ्या हवेचे मोजमाप बिघडल्याचे नव्या गाड्यांतील संगणकास कळते. तो इशाऱ्याचा दिवा लावतो व काही गाड्यांत इंजिनाची शक्तीही कमी करतो. संगणकात फेरफार करून हा दिवा विझविला, तर पुढे उद्भवणारे खरे बिघाडही मालकास कळत नाहीत.

शिवाय हा प्रकार कायद्याच्या विरुद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ अन्वये, वाहनात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कंपनीची हमी गमावण्याचा धोका असतो तो वेगळाच.

योग्य उपाय

(१) प्रथम एअर फिल्टर, हवेच्या नळ्या व नोझल तपासून घ्यावेत.

(२) जाणकार मिस्त्रीकडून झडप काढवून कार्बन विरघळविणाऱ्या द्रवाने व मऊ ब्रशने साफ करवावी. पेचकसाने खरवडू नये. विजेवर चालणारा भाग द्रवात बुडवू नये. बसविताना नवे गास्केट घालावे.

(३) बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत असेल व पांढरा धूर येत असेल, तर धूर थंड करणारा कूलर फुटला असण्याचा संभव आहे. अशी गाडी चालवू नये; कूलर त्वरित तपासून घ्यावा.

(४) माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल ठराविक वेळी बदलावे. गाडी बराच वेळ उभी राहणार असल्यास इंजिन बंद करावे.

(५) साफ करूनही झडप अडकत असल्यास नवी बसवावी. हा खर्च एकदाच जड वाटतो. परंतु दंड, नंतरचे बिघाड व ऐन हंगामात गाडी बंद पडून होणारे नुकसान त्याहून महाग पडू शकते.

सारांश, ईजीआर तुंबणे हे बहुधा रोगाचे लक्षण असते. लक्षण झाकल्याने रोग जात नाही. गॅरेजमध्ये “ही काढून टाका” असे सांगण्यात आल्यास शेतकऱ्याने प्रथम एकच प्रश्न विचारावा: “ही तुंबली कशामुळे?” त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून झडपेस हात लावू देऊ नये.